मनी आणि मनी प्लांट

नर्सरीत गेलं की आपण झाडाची चौकशी एखाद्या स्थळासारखी करतो. ऊन किती लागतं, पाणी किती मागतं, उंची कुठवर जाईल, प्रकृतीनं चिवट आहे का, वास्तूला चालेल का, आणि कुंडीचे पैसे यातच धरलेत की वेगळे. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: हे कुणी खाल्लं तर काय होईल? मी एकदा एका पुष्पप्रदर्शनात तो विचारला. रोपं विकणाऱ्या दादांनी मला नीट न्याहाळलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हे शोभेचं आहे. पालक-मेथी पाहिजे तर शेवटच्या गाळ्यावर जा."

शोभेचं आणि खायचं हा भेद आमच्या मनीला मान्य नाही. मनी म्हणजे आमची मांजर. तिच्या लेखी जगातल्या वस्तू तीन प्रकारच्या: खाण्याच्या, झोपण्याच्या आणि वरून खाली ढकलण्याच्या. कुंडीतलं झाड एकाच वेळी तिन्हींत बसतं.

न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली स्थापन झालेली एएसपीसीए नावाची प्राणिदया संस्था आहे. कुत्र्यामांजरांना कोणती झाडं बाधतात आणि कोणती नाहीत, याची तिनं केलेली यादी जगभर वापरतात. ती वाचताना मला वाटलं, कुणीतरी कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंतच्या बाल्कन्यांतून हिंडून ती केली आहे. बाधणाऱ्यांत मनी प्लांट आहे, स्नेक प्लांट आहे. कोरफड, जेड, पीस लिली, दिवाणखान्याचा कोपरा भरून काढणारा डिफेनबेकिया, सगळी मंडळी हजर. लकी बांबूसुद्धा आहे. तो बांबू नव्हेच, ड्रसीना आहे, आणि त्याचं नशीब फक्त माणसांपुरतं चालतं. मनी प्लांट मनीसाठी नाही, यावर घरात व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेले.

याच झाडांची एक दुसरी यादी जास्त प्रसिद्ध आहे. नर्सरीत ती पाटीवर लिहिलेली असते: 'हवा शुद्ध करणारी झाडं'. तिचं मूळ नासाच्या १९८९ च्या अहवालात आहे. अंतराळयानातली हवा स्वच्छ कशी ठेवावी या विचारातून तिथल्या शास्त्रज्ञांनी लहान बंदिस्त पेट्यांमध्ये झाडं ठेवून मोजमापं घेतली होती. स्नेक प्लांट, पीस लिली, ड्रसीना, कुंडीतली शेवंती ही त्या परीक्षेतली हुशार मुलं, आणि नेमकी हीच पशुवैद्यांच्या काळ्या यादीत. बांबू पाम आणि जरबेरा असे थोडे सज्जन दोन्हीकडे उत्तीर्ण झाले. पुढे २०१९ मध्ये दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. उघड्या खिडकीइतकी हवा झाडांकडून शुद्ध करून घ्यायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असा हिशोब निघाला. म्हणजे आमच्या दिवाणखान्यात सोफा, टीव्ही आणि माणसं बाहेर काढावी लागतील. मनी राहील. खिडकी उघडणं त्यापेक्षा स्वस्त, फक्त मांजरवाल्यांनी तिला आधी जाळी लावून घ्यावी.

पण यादीत नाव असणं म्हणजे फाशी नव्हे. हे समजायला मला वेळ लागला, आणि सगळी मेख इथेच आहे. इंटरनेटवर 'विषारी' हा एकच शिक्का असतो. त्याखाली तोंड चुरचुरवणारं झाडही येतं आणि हृदय बंद पाडणारंही. घाबरलेला माणूस एकतर सगळी बाल्कनी रिकामी करतो, नाहीतर 'असं काही होत नसतं' म्हणून सगळंच सोडून देतो.

मनी प्लांटचं विष तर आपल्या जुन्या ओळखीचं आहे. अळूचं फदफदं करणाऱ्या कुणालाही विचारा. अळू, सुरण, मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, सिंगोनियम ही सगळी एकाच कुळातली भावंडं. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की त्या सुया जिभेत, हिरड्यांत, घशात घुसतात. आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण सुरण चिरताना हाताला तेल लावायचं आणि अळूत चिंच किंवा आमसूल घालायचं, हे ठाऊक होतं. मांजराला चिंचगुळाची सोय नसते. ते पान कच्चंच चावतं, मग लाळ गाळतं, पंजानं तोंड पुसत बसतं, एखादी उलटी काढतं आणि बहुधा पुन्हा त्या वेलाच्या वाटेला जात नाही. जीव सहसा जात नाही, पण तोंड किंवा घसा सुजला तर मात्र दवाखान्यात न्यावंच लागतं. म्हणून मनी प्लांट आमच्याकडे अजून आहे, छताच्या हुकाला टांगलेला. त्याची वेल खाली लोंबू लागली की कात्री लावायची.

कोरफडीचीही अशीच गंमत. तिचा गर आपण केसांना लावतो, तोंडाला लावतो, सरबतातही घालतो. पण सालीच्या आतल्या बाजूला जो पिवळा कडू चीक असतो, त्यानं कुत्र्यामांजरांना ढाळवांत्या होतात. प्रत्येक घरात औषधी म्हणून मान असलेलं हे झाड. तिला कुणी विषारी म्हटलं की ज्येष्ठ मंडळी दुखावतात.

आता वरच्या इयत्तेचं विष. हे ओळखायला मी एक घरगुती खूण काढली आहे, आणि तिच्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. महादेवाला काय वाहतात ते आठवायचं. धोत्रा, कण्हेर, रुई. ज्यानं हलाहल पचवलं त्याला ही फुलं चालतात, मांजराला चालत नाहीत. कण्हेरीत, मग ती गुलाबी असो, पांढरी असो की बिट्टीची पिवळी असो, हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात, आणि पान वाळलं तरी ती जात नाहीत. महामार्गांच्या दुभाजकांवर मैलोन् मैल कण्हेर लावलेली दिसते. तिला पाणी कमी लागतं, धूर सोसतो, आणि गुरं-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. शेळी ज्या झाडाला नाही म्हणते, त्याबद्दल आपण थोडं सावध असावं, एवढं शहाणपण शेळीकडून घ्यायला हरकत नाही. हल्ली गच्चीगच्चीवर दिसणारं गुबगुबीत खोडाचं अ‍ॅडेनियम हे कण्हेरीचंच नातलग, तोच गुण अंगात असलेलं. पानफुटीही हृदयावरच जाते. मुलांना ती शाळेच्या प्रयोगासाठी हवी असते, तेव्हा वहीत दाबून ठेवावी.

उलट विष्णूची तुळस, गणपतीची जास्वंद आणि दूर्वा या निर्धोक. महादेवाचा बेलही या आरोपातून सुटलेला आहे, तेव्हा माझी खूण काटेकोर शास्त्र म्हणून घेऊ नये. शेवंती तर सगळ्याच देवांना चालते, तरी कुत्र्यामांजरांना बाधते. दत्तगुरूंनी चार कुत्री सांभाळली ती औदुंबराखाली, कण्हेरीखाली नव्हे, हेही मी सासूबाईंना पुरावा म्हणून सांगून पाहिलं. त्यांनी ते विनोदात काढलं.

सुगंधावरून काही ठरत नाही. मोगरा, जाई, जुई ही सगळी सुरक्षित. रातराणी मात्र त्यांच्यात बसूनही त्यांची नव्हे. ती धोतऱ्याच्या गोतावळ्यातली, आणि तिची फळं-पानं दोन्ही बाधतात. सदाफुलीची गोष्ट तर कादंबरीच्या लायकीची आहे. दारोदार उगवणारं, कुणी न लावताही फुलणारं हे झाड पोटात गेलं तर कुत्र्याला त्रास होतो. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन नावाचं कर्करोगावरचं औषध काढतात, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये एकमेकांपासून पसरणारी जी एक गाठ होते, तिच्यावर पशुवैद्य नेमकं तेच टोचतात. बहुतेक कुत्री त्यानं खडखडीत बरी होतात. झाड तेच, मात्रा कुणी ठरवली, एवढाच फरक.

कुत्र्यांचा आणि मांजरांचा हिशोब मात्र वेगळा मांडावा लागतो. आमच्या खालच्या मजल्यावर ब्रुनो नावाचा लॅब्राडॉर राहतो. त्याच्या घरच्या काकूंनी सगळी झाडं चार फुटांवरच्या फळीवर नेली आणि प्रश्न मिटला. आमच्याकडे हा उपाय हास्यास्पद आहे. मांजरासाठी फळी म्हणजे आमंत्रण. दुसरीकडे, मनी जमीन उकरून कंद खात नाही, ब्रुनो खातो. पावसाळ्यात उगवणारी गुलाबी लिली, मे महिन्यातली फुटबॉल लिली, स्पायडर लिली या सगळ्यांचं विष मुख्यतः कांद्यात असतं, आणि ब्रुनोला जमिनीखालच्या प्रत्येक वस्तूबद्दल पुरातत्त्व खात्याइतकं कुतूहल आहे. शिवाय द्राक्षं आणि मनुका. त्या कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला बाधतात, तेव्हा गणपतीत खिरापतीतला मनुका प्रेमानं कुत्र्याच्या तोंडी घालू नये.

सोसायट्यांच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन सायकस लावायची आपल्याकडे पद्धत आहे. डायनासोरच्या काळापासून टिकलेलं हे कुळ. लोक त्याला पाम समजतात. त्याचं प्रत्येक अंग विषारी आणि बिया सर्वांत जास्त. कुत्र्यांना नेमक्या त्याच आवडतात. यकृत निकामी होतं, उपचार करूनही बरीच कुत्री वाचत नाहीत. माझ्या मते ज्या सोसायटीत कुत्री खेळतात तिथे सायकस नसावा. 'कुत्र्यांना लिफ्टमध्ये आणू नये' यावर आमच्या वार्षिक सभेत तासभर चर्चा होते, या विषयावर मिनिटभरही नाही. फाटकाशी अरेका पाम लावावा. स्वस्त आहे, लवकर भरतो, आणि कुणी कुरतडलाच तर फार तर अरेकाचं नुकसान.

आणि आता लिली, खरीखुरी. पुष्पगुच्छात येते ती. मोठी, पांढरी किंवा गुलाबी, मधोमध केशरी परागांच्या दांड्या असलेली. हिच्याबद्दल मला विनोद सुचत नाही. मांजरानं तिचं पान खाल्लं, पाकळी चावली, अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी जरी प्यायलं, तरी दोनतीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कुत्र्याला हीच लिली फारसं काही करत नाही, पोट बिघडवते. मांजराचं शरीर वेगळ्या घडणीचं आहे. मूत्रपिंडांना धक्का लागण्याआधी दवाखान्यात नेऊन सलाइन सुरू झालं तर मांजर वाचतं. 'बघू या उद्यापर्यंत' म्हटलं तर बहुधा नाही. वास्तुशांतीला, वाढदिवसाला लोक हौसेनं असे गुच्छ आणतात. आमच्या दारात गुच्छ आला की मी हसून स्वागत करते आणि तो परस्पर शेजारी पोचवते. पाहुण्यांना वाटतं, ही किती दिलदार.

या सगळ्यावर ठरलेला आक्षेप येतो: आमच्या गावी घराभोवती कण्हेर होती, एरंड होता, मांजरं मोकळी हिंडायची, कुठे काय झालं? पहिलं म्हणजे, काय झालं ते कुणी पाहिलंच नाही. मांजर दोन दिवस आलं नाही तर 'गेलं कुठेतरी' म्हणून विषय संपायचा. दुसरं, गावच्या मांजराला अख्खा बांध होता, दिवसभराची कामं होती, उंदीर होते, भांडणं होती. फ्लॅटमधल्या मांजराला आठ बाय चार फुटांची बाल्कनी आणि ओसंडून वाहणारा मोकळा वेळ. कंटाळा आला की माणूस फोन हातात घेतो, मांजर मनी प्लांट.

आणि त्याला हिरवं हवंच असतं. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी मांजरवाल्यांकडून माहिती गोळा केली, तेव्हा दिसलं की बहुतेक मांजरं आजारी नसतानाच गवत खातात. आतड्यातले जंत बाहेर काढण्याची रानातल्या पूर्वजांची ती सवय उरली असावी, असा त्यांचा कयास आहे. तेव्हा झाडं लपवण्याआधी तिला तिचं स्वतःचं हिरवं द्यावं. परदेशात 'कॅट ग्रास' म्हणून सुबक डब्यात विकतात ते म्हणजे गव्हाचे, सातूचे किंवा ओटचे कोंब. मराठी घरात हे पीक दरवर्षी नवरात्रात निघतं. घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान चौथ्या-पाचव्या दिवशी चांगलं वर आलेलं असताना आमची मनी एका पहाटे देवघरात शिरली आणि एका बाजूचं शेत तिनं स्वच्छ कापलं. आता काय होणार, म्हणून आम्ही सगळे सासूबाईंकडे पाहत होतो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "षष्ठीदेवीचं वाहनच आहे ते. खाल्लं तर खाल्लं."

तेव्हापासून मनीचा वेगळा घट बसतो, बारा महिने, दह्याच्या रिकाम्या डब्यात. गहू रात्रभर भिजवायचा, मातीत दाट पेरायचा, आठवड्यात खाण्याजोगा होतो. ज्वारी मात्र पेरायची नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार होतं आणि ते खाऊन गुरं दगावतात, हे शेतकऱ्याला माहीत असतं. शहरात सांगावं लागतं. गंमत अशी, की डबा खिडकीशी आल्यापासून तिचं बाकीच्या कुंड्यांवरचं प्रेम निम्म्यानं कमी झालं. निम्म्यानंच. उरलेलं स्पायडर प्लांटवर आहे, त्याच्या लोंबत्या पात्यांना ती दिवसातून एकदा तरी थप्पड मारते. तो सुरक्षित झाडांतला असल्यामुळे आम्ही मधे पडत नाही.

झाड सुरक्षित असलं तरी कुंडीतली माती तशी असेलच असं नाही, आणि याकडे फार कमी लोक बघतात. हाडांचा चुरा, मासळीचं खत यांच्या वासानं कुत्रं कुंडी मुळापर्यंत उपसतं. एरंडीची पेंड त्याहून वाईट, कारण एरंडाच्या बीतलं विष पेंडीत उरलेलं असू शकतं आणि कुत्र्यांना तिची चव आवडते. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर बागेत नकोतच. मराठवाड्यात २०२२ साली सोयाबीनवर शंखी गोगलगायी आल्या तेव्हा या औषधाचं नाव घरोघरी पोचलं. त्याच्या गोळ्या खाण्याच्या आमिषात मिसळलेल्या असतात, आणि आमिष फक्त गोगलगायीलाच कळावं अशी काही सोय त्यात नाही. गांडूळखत घालावं. मनी त्यात बसते, पण ते वेगळं. तिला उठवायचं असेल तर मातीवर मोठे गुळगुळीत गोटे पसरावेत.

काही खाल्लंच, तर घरचे उपाय करू नयेत. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, त्यानं दुसरीच आफत ओढवते. माणसांची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला अर्धीसुद्धा द्यायची नाही, ती तिच्यासाठी स्वतंत्र विष आहे. चावलेल्या झाडाची एक फांदी पिशवीत घालायची आणि डॉक्टरांकडे निघायचं. 'ते हिरवं, लांबट पानांचं' एवढ्या वर्णनावर कुणालाच काही करता येत नाही.

तेव्हा नवं घर सजवताना गुलाब लावा, मोगरा लावा, जास्वंद लावा. सावलीच्या कोपऱ्यात कॅलेथिया आणि बोस्टन फर्न ठेवा. जागा असेल तर केळही लावा, तिचं पान कुणी फाडलं तर जेवायला दुसरं येईल. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट ठेवायचे की नाही, हे तुम्ही आणि तुमच्या मांजरानं बसून, तिचा स्वभाव बघून ठरवा. लिलीचा विषय तेवढा चर्चेला घेऊ नका. ती घरात नको.